मुलांना घरीच शिकवायचा विचार आहे, पैशाची काही मदत किंवा सोय असते का?

गोदाकाठ_नाशिक:
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. दोन मुलं, मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत. गेलं वर्षभर घरात हाच विषय चालू आहे की मुलीला शाळेतून काढावं आणि घरी शिकवावं. ती शाळेत पार कोमेजून जाते, घरी आली की मात्र आजोबांजवळ बसून अॅटलास उघडते आणि नद्या कुठून कुठे जातात ते बोटाने काढत बसते, प्रश्न संपत नाहीत तिचे. होमस्कूलिंगबद्दल वाचून झालंय, एकदोन कुटुंबांना भेटून पण आलो, शिकवायचं कसं याची भीती आता तेवढी नाही राहिली. अडतंय ते पैशावर.

मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, हातात ५२ हजार येतात, त्यातले १७ हजार घराच्या हप्त्याला जातात. मी एका बालवाडीत शिकवते, सकाळी ९ ते साडेबारा, १४ हजार. मुलीची फी वर्षाला ४८ हजार, व्हॅन महिन्याला दीड हजार ती दहा महिने, शिवाय युनिफॉर्म, वह्यापुस्तकं, गॅदरिंग, सहल धरून १२ हजार तरी जातात. मुलाचा आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांत नंबर लागलाय त्यामुळे त्याची फी नाही, फक्त व्हॅन. मी नोकरी सोडून दोघांनाही घरी शिकवेन असं डोक्यात आहे.

तर विचारायचं असं की घरी शिकवणाऱ्यांना सरकारकडून काही अनुदान, स्कॉलरशिप, टॅक्समध्ये सूट असं काही मिळतं का? बँक कर्ज देते का? आणि ज्यांचं उत्पन्न आमच्यासारखं आहे ते लोक हे कसं निभावतात? कृपया खरं काय ते सांगा, गोड बोलायची गरज नाही.

अंगणशाळा:
ताई, आधी सरळ उत्तर देते. घरी शिकणाऱ्या मुलासाठी म्हणून आपल्याकडे सरकार काही देत नाही, केंद्र नाही आणि राज्यही नाही. होमस्कूलिंग नावाचा कप्पाच आपल्या कायद्यात नाही. आरटीई कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात सगळं शाळेभोवती फिरतं, पुस्तकं शाळेतून, गणवेश शाळेतून, पोषण आहार शाळेत, अनुदान शाळेला. घरी शिकवता म्हणून आम्हाला आजवर कोणी त्रास दिला नाही पण हातावर कोणी काही ठेवलंही नाही. बँकेचं म्हणाल तर घरी शिकवण्यासाठी शैक्षणिक कर्ज नसतं, पर्सनल लोन मिळेल पण त्या व्याजाने मुलांना शिकवणं मला तरी पटत नाही.

आता तुमचे आकडे. मुलीची फी, व्हॅन आणि बाकीचं धरून ७५ हजार होतात. मुलाची व्हॅन १५ हजार. म्हणजे दोघांना काढलंत तर वर्षाला ९० हजार वाचतील. आणि तुमचा पगार गेला तर १ लाख ६८ हजार जातील. म्हणजे पुस्तकाला एक रुपया खर्च करायच्या आधीच ७८ हजारांचा खड्डा, महिन्याला साडेसहा हजार. होमस्कूलिंगचा सगळ्यात मोठा खर्च हाच असतो, एका पालकाचा पगार, आणि पुस्तकं, क्लास, साहित्य हे सगळं त्याच्यापुढे किरकोळ आहे.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, नोकरी सोडू नका. तुमची नोकरी साडेबाराला सुटते! नऊ वर्षांच्या मुलीला घरी शिकवायला दिवसाचे सहा तास लागतच नाहीत. शाळेत चाळीस मुलं असतात, हजेरी, रांगा, तास बदलणं यात वेळ जातो, घरी एकाला एक बसलं की दोन अडीच तासात अभ्यास होतो आणि बाकीचा दिवस तिचा. सकाळी आजोबा आहेतच, अॅटलास आहे. दुपारी तुम्ही. असं केलंत तर ७५ हजार वाचतात, त्यातले वीसपंचवीस हजार तिच्यावर खर्च केले तरी चांगली शिल्लक राहते.

दुसरं, मुलाची आरटीईची सीट आत्ता सोडू नका. ती जागा एंट्री लेव्हललाच मिळते, नर्सरी किंवा पहिलीला, आणि आठवीपर्यंतची फी त्यात झाली. एकदा सोडली की तिसरीत चौथीत परत लॉटरीत बसता येत नाही. तो शाळेत रमत असेल तर राहू दे. वर्षभर मुलीचं बघा, मग त्याचं ठरवा. दोघांना एकदमच काढलं पाहिजे असं काही नाही, आमच्या ओळखीत तीन घरांत एक भावंड शाळेत आणि एक घरी असं चालू आहे.

आणि परतीचा रस्ता बंद होत नाही हेही लक्षात ठेवा. वयाच्या १४ पर्यंत कधीही महापालिकेच्या किंवा झेडपीच्या शाळेत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आरटीईचं कलम ४ त्यासाठीच आहे, फी शून्य. फक्त शाळा सोडल्याचा दाखला नीट घेऊन ठेवा, शिल्लक फी भरून, भांडण न करता. तो कागद पुढे दहावीला लागतो.

फुकट काय काय आहे ते रात्री लिहिते, आत्ता मुलं जेवायला थांबलीत.

नितीन_एन:
एवढं टेन्शन कशाला घेता. नाव एखाद्या शाळेत टाकून ठेवा, थोडी फी भरा, मुलगी घरी शिकेल आणि बोनाफाईड, स्कॉलरशिप, टॅक्स सगळं चालू राहील. बरेच जण करतात.

हिशेब_वही:
नितीन, हा सल्ला देऊ नका प्लीज. मी सांगलीत सीए म्हणून प्रॅक्टिस करतो, पालक असली प्रकरणं घेऊन येतात म्हणून सांगतोय. खोटी हजेरी लावणाऱ्या शाळांवर सीबीएसईने गेल्या काही वर्षांत धाडी टाकल्यात, मान्यता काढून घेतल्यात, आणि तसं झालं की भोगायला मूलच पुढे असतं, दहावीच्या तोंडावर दुसरी शाळा शोधत. शिवाय पैशाच्या बाजूने पण हा सौदा वाईट आहे, जी फी वाचवायला निघालात तीच नुसत्या नावासाठी भरायची. घरी शिकवायचं तर उघडपणे शिकवा.

आता टॅक्सचं. ज्याला आपण ८०सी म्हणत आलो त्यात दोन मुलांची ट्यूशन फी दीड लाखाच्या एकूण मर्यादेत बसते, पण ती भारतातल्या शाळा, कॉलेज, विद्यापीठ अशा संस्थेत पूर्णवेळ शिक्षणासाठी भरलेली हवी. घरी येणारे सर, ऑनलाइन कोर्स, अभ्यासाचं किट, चित्रकलेचा क्लास, यातलं काहीही बसत नाही. मात्र मिस्टर जर नवीन टॅक्स रिजिममध्ये असतील, आजकाल बहुतेक पगारदार असतात, तर तिथे ही वजावट मुळातच नाही, म्हणजे शाळा सोडल्याने टॅक्समध्ये तुमचं काहीच बिघडत नाही. आधी ते कुठल्या रिजिममध्ये आहेत ते फॉर्म १६ वर बघून घ्या.

बचत कशात करावी हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण खरा मुद्दा तोच आहे. होमस्कूलवाल्यांचा खर्च दर वर्षी सारखा नसतो, तो दहावी बारावीच्या वयाला एकदम वर जातो कारण तेव्हा विषयांचे शिक्षक लागतात, प्रॅक्टिकल लागतं, परीक्षेची फी, कधी लॅपटॉप. मुलगी दहाच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं निघतं, वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख, पण ते पैसे मधल्या वर्षांत हात लावायला मिळत नाहीत. मुलगी १८ ची झाली किंवा दहावी पास झाली की मग शिक्षणासाठी शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंत काढता येतात आणि तेव्हा प्रवेशाचा किंवा फीचा कागद दाखवावा लागतो. म्हणजे सुकन्या ही कॉलेजची सोय झाली, घरच्या शाळेची नव्हे. मधल्या काळासाठी तुमच्या स्वतःच्या नावावर पीपीएफ ठेवा, सातव्या आर्थिक वर्षापासून त्यातून काही रक्कम काढता येते आणि कशासाठी काढताय ते कोणी विचारत नाही. आज मुलगी नऊची आहे, सातवं वर्ष लागेल तेव्हा ती पंधरासोळाची असेल, बरोब्बर त्याच वेळी लागणार आहेत. फी वाचेल त्यातले महिन्याला दोन अडीच हजार तिकडे टाकले तरी पुष्कळ झाले.

कॉलेजची काळजी आत्तापासून करू नका. मुक्त विद्यालयातून बारावी केलेल्या मुलाला कॉलेजच्या योजना बंद नसतात. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झाली, ठरावीक चांगल्या संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण न ठेवता कर्ज, आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलत. राज्यात २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, तिथेही उत्पन्नाची अट ८ लाख. तुम्ही अगदी काठावर आहात, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला काढताना नीट लक्ष द्या.

रूळमार्ग:
माझ्या मनातला प्रश्न आहे, इथेच विचारते. आमचे हे रेल्वेत आहेत, मुलासाठी चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्स मिळतो. मुलाला घरी शिकवलं तर तो जाईल का?

हिशेब_वही:
रूळमार्ग ताई, हो, शाळेतून काढलंत तर जवळजवळ नक्कीच जाईल. तो क्लेम करताना मूल त्या वर्षी शाळेत शिकत होतं असा शाळेच्या प्रमुखाचा दाखला लागतो. महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे म्हणजे वर्षाला ३३,७५० एका मुलामागे, ही रक्कम तुमच्या हिशेबात आधी वजा धरा आणि मगच ठरवा. पुढे एनआयओएसला, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाला, प्रवेश घेतलात की ऑफिसला लेखी अर्ज करून विचारा, तोंडी विचारू नका, क्लार्क बदलला की उत्तर बदलतं.

अंगणशाळा:
हं, आता फुकट काय ते.

बालभारतीची पहिली ते बारावीची सगळी पुस्तकं ईबालभारतीच्या साइटवरून पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात, एनसीईआरटीचीही तशीच. पण मोबाईलवर वाचायला लावू नका, छापील पुस्तकं घ्या, बालभारतीची पुस्तकं इतकी स्वस्त असतात की कलर प्रिंट काढणं जास्त महाग पडतं. किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर मोफत आहेत, आमच्याकडे धाकटीने दिवाळी अंकांचा फडशा पाडला आणि तिचं मराठी वाचन तिथूनच सुटलं, कुठला क्लास लावावा लागला नाही. अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊ वस्तूंतून करायची विज्ञानाची खेळणी आणि शेकडो पुस्तकं, मराठी पण भरपूर, सगळं मोफत. सरकारचं दीक्षा हे अभ्यासाचं अॅप आहे. खान अॅकॅडमीवर मराठीत गणित आहे.

आणि तुमच्या नाशिकला तर सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० सालचं, तिथे बालविभाग आहे. सभासद करून टाका. वर्षभरात लायब्ररीतून जितकी पुस्तकं येतील तितकी विकत घ्यायची म्हटली तर दहावीस हजार कुठेच गेले नाहीत.

खर्च कुठे करायचा? माझ्या मते तीन जागी. एक चांगला जागतिक नकाशा आणि अॅटलास, ते तुमच्याकडे आहेच. एखादं वाद्य किंवा खेळ, म्हणजे जिथे तिला रोज दुसरी मुलं भेटतील, हा पैसा वाचवायचा नाही, कारण सोबतीची मुलं हीच घरच्या शाळेत सगळ्यात जास्त कमी पडणारी गोष्ट आहे. आणि गणिताला पुढे पाचवी सहावीनंतर कोणीतरी जाणता माणूस. इथे पुण्यात आम्ही चार कुटुंबांनी मिळून एक निवृत्त सर गाठलेत, आठवड्यातून दोनदा येतात, चौघांत वाटून घेतलं की घरटी महिन्याला हजारबाराशे पडतात. ते भूमिती शिकवताना मुलांना सोसायटीच्या गच्चीवर नेतात आणि पाण्याच्या टाकीची उंची सावलीवरून काढायला लावतात, पट्टी, काठी आणि एक कागद एवढ्यावर तास होतो. शाळेच्या फीत असला माणूस मिळत नाही हो.

नाशिकला पण होमस्कूल करणारी कुटुंबं आहेत, तुम्ही भेटून आलातच. त्यांच्याशी पुस्तकं, सूक्ष्मदर्शक, कॅरम, शिवणाचं मशीन, सगळं वाटून वापरा. एकट्याने केलं तर हे महागच पडतं.

सावली_छसं:
मी छत्रपती संभाजीनगरहून लिहिते. वर सगळ्यांनी लिहिलंय की सरकारी मदत नाही, ते बाकीच्या मुलांसाठी खरं आहे. पण एका गटासाठी मदत आहे आणि लोकांना ती माहीतच नसते म्हणून मुद्दाम लिहिते. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, बारा वर्षांचा, तो घरी शिकतो.

२०१२ मध्ये आरटीई कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय कायद्यानेच दिला. म्हणजे ज्यांच्या नशिबी हे आहे त्यांना कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही, तो हक्क आहे. त्यात मुलाचं नाव जवळच्या शाळेच्या पटावर असतं आणि समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेतून विशेष शिक्षक घरी येतात. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जाऊन समावेशित शिक्षणाचं काम बघणाऱ्या माणसाला भेटायचं. सगळीकडे नीट चालतं असं म्हणणार नाही, माणसं कमी आणि गावं जास्त, मागे लागावं लागतं. पण मागे लागा. त्या योजनेत साहित्य साधनांसाठी प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते आणि दिव्यांग मुलींना वर्षातले दहा महिने दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता वेगळा. रक्कम लहान आहे, पण मागितल्याशिवाय तीही हातात पडत नाही.

सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. ते नसेल तर पुढचं एकही दार उघडत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगत्व यांच्यासाठी नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि तिच्यात ओपीडी आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. आमच्यासारख्यांचा खरा खर्च पुस्तकांवर नसतोच, स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीवर असतो, आठवड्याला दोन सेशन म्हटले तरी महिन्याचं रेशन तिकडे जातं. त्यामुळे निरामयने आम्हाला फार आधार दिला. पावत्या मात्र एकेक जपून ठेवायच्या, डॉक्टरचा सही शिक्का असलेल्या, नाहीतर क्लेम परत येतो.

आणि जुन्या टॅक्स रिजिममध्ये असाल तर ८०डीडी म्हणून जी वजावट आहे ती विसरू नका, ४० टक्के दिव्यांगत्व असेल तर ७५ हजार, ८० टक्के आणि पुढे १ लाख २५ हजार, त्याला शाळेचा काही संबंध नाही. अशा घरांनी दोन्ही रिजिमचा टॅक्स काढून बघावा आणि मग निवडावं, डोळे झाकून नवीन घेऊ नये.

एकटी आई असेल, वडील वारले असतील, तर राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. अर्ज महिला व बालविकास खात्याकडे जिल्ह्यात करायचा. कागदपत्रांत शाळेचा बोनाफाईड मागतात, म्हणून घरी शिकवायला सुरुवात करण्याआधीच तिथे जाऊन विचारून घ्या.

फ्रिस्कोवासी:
मी मूळची नाशिकचीच, कॉलेज रोडची, सध्या डॅलसजवळ फ्रिस्कोत. आमच्याकडच्या मराठी मंडळात दोन घरांत होमस्कूल चालतं म्हणून इथलं थोडं सांगते, कारण भारतातले नातेवाईक सारखं म्हणतात की अमेरिकेत सरकार पैसे देतं.

देतं, पण राज्याराज्यांत फरक आहे आणि अटी असतात. टेक्ससमध्ये २०२५ मध्ये कायदा झाला, २०२६-२७ च्या शाळावर्षापासून घरी शिकणाऱ्या मुलाला वर्षाला २,००० डॉलरपर्यंत, खासगी शाळेत जाणाऱ्याला मात्र १०,००० च्या वर. रोख हातात येत नाही, एक खातं असतं आणि त्यातून मंजूर झालेल्या विक्रेत्यांकडूनच पुस्तकं, ट्यूशन वगैरे घ्यायचं. अॅरिझोनात २०२२ पासून ही सोय सगळ्या मुलांना खुली झाली, पण तिथे गंमत अशी की हे पैसे घेतलेत तर कायद्याच्या भाषेत तुम्ही होमस्कूलर राहत नाही, होमस्कूलिंगचं प्रतिज्ञापत्र मागे घेऊन राज्याशी करार करावा लागतो. इलिनॉयमध्ये पैसे मिळत नाहीत पण टॅक्समध्ये २५० डॉलरच्या वरच्या शैक्षणिक खर्चाच्या २५ टक्के क्रेडिट मिळतं, जास्तीत जास्त ७५०, आणि त्यात होमस्कूल बसतं. कॅनडात अल्बर्टा प्रांत पालकांना खर्चाची भरपाई देतो, पण कुठल्यातरी शाळेच्या देखरेखीखाली राहिलात तर.

इथल्या मैत्रिणींपैकी एकीने टेक्ससचे पैसे घ्यायचे नाहीत असंच ठरवलंय. तिचं म्हणणं, आज पुस्तकाची यादी मागतील, उद्या परीक्षा मागतील. दुसरी म्हणते की आम्ही टॅक्स भरतोच की, मग का सोडायचं. मला दोघींचंही पटतं, पण माझा कौल दुसरीकडे आहे. तीन मुलांना घरी शिकवणाऱ्या बाईला मुलामागे २,००० डॉलर म्हणजे दोन सेमिस्टरची सायन्सची लॅब, ते सोडून देण्याइतकी ऐपत सगळ्यांची नसते.

गोदाकाठ_नाशिक:
बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. काल रात्री मिस्टरांना आणि सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. नोकरी न सोडता करता येईल हा विचारच आमच्या डोक्यात आला नव्हता, सासरे लगेच म्हणाले सकाळी मी आहे की, मला विचारलंत का. आणि मुलाला तूर्त शाळेतच ठेवायचं ठरलं. मिस्टर नवीन रिजिममध्येच आहेत, तेही बघितलं. सुकन्या खातं नाहीये, मुलगी जानेवारीत दहाची होईल त्याआधी पोस्टात जाऊन काढतो.

आता एकच राहिलं. दहावीचं काय? एनआयओएस बरं की आपलं १७ नंबर फॉर्म? खर्चाच्या आणि पुढच्या दृष्टीने सांगा. आणि पाचवी आठवीला काही परीक्षा देता येते का, म्हणजे निदान कागद हातात राहील.

अंगणशाळा:
थोरल्याचं नुकतंच झालंय म्हणून सांगते. तिन्ही रस्ते आहेत आणि शाळेच्या फीच्या मानाने तिन्ही स्वस्त आहेत.

कागद हवा असेल तर राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, राज्य बोर्डाच्याच अखत्यारीत. तिथे वयाची १० पूर्ण झाली की पाचवीला आणि १३ पूर्ण झाली की आठवीला बसता येतं. परीक्षा मराठीतून. आम्ही आठवी दिली होती, मुलाला परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तास बसायची सवय लागली, त्यासाठी तरी द्यावी.

१७ नंबर म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून राज्य बोर्डाची नेहमीची दहावी. वय १४ पूर्ण, निदान पाचवी पास, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला, म्हणून तर म्हटलं तो जपा. नोंदणीला हजाराच्या आसपास खर्च, मग परीक्षा फी वेगळी. तोंडी आणि प्रात्यक्षिकं ज्या शाळेला जोडून देतील तिथे जाऊन करायची. अर्जाची मुदत साधारण पावसाळ्यातच सुरू होते आणि उशिरा भरलं की विलंब शुल्क लागतं, बोर्डाचं त्या वर्षीचं परिपत्रक बघत राहा.

एनआयओएस केंद्राचं. १९८९ साली नॅशनल ओपन स्कूल म्हणून सुरू झालं. दहावीला वय १४ हवं, माध्यम मराठीही घेता येतं. पाच विषय, एखादी भाषा धरून, बाकीचे आपल्या आवडीचे. पैशाच्या बाजूने त्याचा मोठा फायदा असा की एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षं चालतो आणि नऊ वेळा परीक्षेला बसायची संधी असते, पास झालेला विषय जमा राहतो. म्हणजे वर्षाला दोन विषय असं सावकाश करता येतं, फी आणि शिकवणी दोन्ही विभागून पडतात. मुलींना फी मुलांपेक्षा कमी आहे, अनुसूचित जाती जमाती, दिव्यांग, माजी सैनिक यांना आणखी कमी. पुस्तकं साइटवर पीडीएफमध्येही आहेत. विभागीय केंद्र इथे पुण्यात कोथरूडला आहे पण प्रवेश ऑनलाइन होतो, अभ्यासकेंद्र नाशिकचं निवडा.

आम्ही एनआयओएस केलं कारण मुलाला चित्रकला आणि गृहविज्ञान घ्यायचं होतं. तुमच्या मुलीला भूगोलाची एवढी ओढ आहे तर शेवटी तिलाच यादी दाखवून विचारा. फक्त एक, दहावी बारावी दोन्ही वेळा केंद्र महाराष्ट्रातलंच ठेवा आणि तिचं डोमिसाईल वेळेत काढून ठेवा, पुढे सीईटीच्या कॅप राउंडला महाराष्ट्राची उमेदवार म्हणून धरायला तेच बघतात.

हिशेब_वही:
यात एवढंच घालतो, सुकन्या काढायला जाताना मुलीचा जन्मदाखला आणि तुमचं दोघांपैकी एकाचं आधार, पॅन न्या. दहावा वाढदिवस उलटला की खातं निघत नाही, त्यामुळे डिसेंबरपर्यंत थांबू नका, याच महिन्यात उरकून टाका.